अब्रामोविट्झ-स्टेगन: एका ‘कालबाह्य’ ग्रंथाचा कैवार

अमेरिकेच्या ‘नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स’ने १९६४ साली काढलेल्या ‘हँडबुक ऑफ मॅथेमॅटिकल फंक्शन्स’चा विषय निघाला, की जाणकारांच्या बैठकीत एक मत हटकून ऐकू येते. ग्रंथ थोर खरा, पण जन्मला तेव्हाच म्हातारा होता, असे ते मत. १,०४६ पानांतली निम्म्याहून अधिक पाने आकड्यांच्या कोष्टकांनी भरलेली. ग्रंथ बाहेर पडला जून १९६४ मध्ये, आणि त्याच्या दोनच महिने आधी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली होती. पुढे १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅलक्युलेटर आला आणि साइन-लॉगची पुस्तके रद्दीत जाऊ लागली. आज साध्या लॅपटॉपवरही बेसेल फलनाची किंमत पंधरा-सोळा अंकांपर्यंत पाते लवायच्या आत मिळते. मग संपादकांच्या नावांवरून ज्याला सगळे ‘अब्रामोविट्झ-स्टेगन’ म्हणतात, ते हे बाड आता आजोबांच्या पगडीसारखे: फडताळात ठेवायचे, घालायचे नाही.

या मताचा सर्वांत वजनदार साक्षीदार तर प्रकाशकाच्या घरातच आहे. ब्यूरोचे आजचे नाव ‘निस्ट’. या संस्थेने २०१० मध्ये ग्रंथाचा वारस प्रसिद्ध केला, छापील रूपात आणि ‘डिजिटल लायब्ररी ऑफ मॅथेमॅटिकल फंक्शन्स’ या नावाने इंटरनेटवरही. ३६ प्रकरणांच्या या नव्या ग्रंथातून कोष्टकांचे ते जुने रान जवळजवळ साफ काढून टाकलेले आहे. आईबापांनीच नाव टाकले, आता शेजाऱ्यांनी कशाला कैवार घ्यायचा?

पूर्वपक्ष असा भक्कम आहे, आणि त्यातली एकही घटना खोटी नाही. घोटाळा आहे तो निष्कर्षात. कोष्टके म्हणजेच ग्रंथ, कोष्टके गेली म्हणजे ग्रंथ गेला, हे त्यात न बोलता गृहीत धरलेले आहे. ग्रंथ कोणी केला, कशासाठी केला आणि त्याच्या पानांवर खरोखर काय आहे, हे पाहिले तर या गृहीताला आधार उरत नाही.

आधी करणाऱ्यांविषयी. संगणक दारात उभा असताना कोष्टके छापत बसलेली माणसे म्हणजे काळाची चाहूल न लागलेले कारकून, असे चित्र नकळत आपल्या मनात उभे राहते. त्याचे मूळ थोडेसे ‘मॅथेमॅटिकल टेबल्स प्रोजेक्ट’च्या हकिकतीत आहे. १९३० च्या दशकातली महामंदी, न्यूयॉर्कमधली बेकारी, आणि बेकारांना काम देण्यासाठी सरकारने काढलेल्या ‘डब्ल्यूपीए’ योजनेतून १९३८ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम. आर्नोल्ड लोवान हे त्याचे संचालक, आणि गणिताची सारी आखणी गर्ट्रूड ब्लँच या बाईंची. ब्लँच यांनी १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती. ऐन भरात सुमारे साडेचारशे माणसे तिथे आकडेमोड करत. त्यांतल्या बहुतेकांचे गणित शाळेतल्या अंकगणितापलीकडे गेलेले नव्हते. एका गटाने फक्त बेरजा करायच्या, दुसऱ्याने वजाबाक्या, तिसऱ्याने गुणाकार. धन आकडे काळ्या पेन्सिलने लिहायचे, ऋण आकडे लाल पेन्सिलने, आणि कोणत्या दोन रंगांचे आकडे समोर आले की काय करायचे ते भिंतीवरच्या तक्त्यात वाचायचे. या माणसांच्या हातून कोष्टकांचे २८ खंड बाहेर पडले आणि ते अचूकपणासाठी नावाजले गेले. युद्धकाळात नौदलासाठी लोरान या दिशादर्शक पद्धतीची कोष्टकेही त्यांनीच केली.

ही हकिकत इतकी चित्रमय आहे की ती सांगणारा तिथेच रमतो आणि हँडबुकला याच कारखान्याचा शेवटचा माल समजतो. प्रत्यक्षात योजना १९४३ मध्ये गुंडाळल्यावर त्या मंडळींपैकी निवडक लोक ब्यूरोत आले, आणि ब्यूरोने १९५० मध्ये स्वतःचा ‘सीअॅक’ संगणक चालू केला. कार्यक्रम स्मृतीत साठवून चालवणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या यंत्रांपैकी हे एक. कोष्टक-उपक्रमातूनच आलेल्या आयडा ऱ्होड्स यांनी बेटी होल्बर्टन यांच्याबरोबर युनिव्हॅकसाठी सी-१० ही आज्ञाभाषा रचली. म्हणजे ज्यांना संगणक कळला नाही असे आपण म्हणतो, त्यांच्यापैकी काहींनी तो शिकवला होता.

कोष्टके हवीत की नकोत, हा प्रश्न तर त्यांनी उघडपणे चर्चेलाच घेतला होता. सप्टेंबर १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नेमक्या याच विषयावर परिषद भरली. वेगवान यंत्रांमुळे कोष्टककारांचे काम बदलले आहे, पण कोष्टकांची गरज संपलेली नाही, असा तिचा कौल पडला. पुढे नेमलेल्या सल्लागार समितीचे अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मोर्स होते. सदस्यांत लॉस अॅलामॉसला ‘मॅनिअॅक’ संगणक उभारणारे निकोलस मेट्रोपोलिस होते, आणि ‘बिट’ हा शब्द ज्यांनी घडवला ते जॉन टुकीही होते. या लोकांना संगणकाची चाहूल लागली नव्हती असे कोणी म्हणणार असेल, तर मग ती कोणाला लागली होती?

त्यांनी मागितलेल्या ग्रंथाचा वाचकही ठरलेला होता: अधूनमधून आकडेमोड करावी लागणारा माणूस. ज्याचा धंदा वेगळा आहे, पण ज्याच्या समीकरणात अवचित एखादे गॅमा फलन, एखादे लजांद्र फलन येऊन बसते, असा अभियंता किंवा भौतिकीचा संशोधक. नमुना म्हणून डोळ्यांपुढे होता जर्मनीत १९०९ मध्ये निघालेला यांके आणि एम्डे यांचा जुना फलन-कोष्टकांचा ग्रंथ. त्याची आजच्या काळाला साजेशी आवृत्ती करा, इतकीच मागणी होती.

काम डिसेंबर १९५६ मध्ये मिल्टन अब्रामोविट्झ यांच्या हाताखाली सुरू झाले. जुलै १९५८ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, घरासमोरची हिरवळ कापताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. पुढची सहा वर्षे, म्हणजे कामाचा मोठा भाग, आयरीन स्टेगन यांनी ओढला. पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांतून त्यांचे नाव नेहमी दुसरे येते ते वर्णक्रमाने. श्रमाच्या हिशेबाने क्रम उलटा लागला असता, असे मला वाटते.

आता पानांकडे वळू. कोष्टकांची पाने निम्म्याहून जास्त आहेत हे खरे, पण प्रत्येक प्रकरण कोष्टकाने सुरू होत नाही. आधी व्याख्या, मग संबंधसूत्रे, मालिका, खूप मोठ्या आणि खूप छोट्या किमतींसाठीची सूत्रे, मग आकडेमोडीच्या पद्धती सोडवलेल्या उदाहरणांसह, आणि त्यानंतर कोष्टक. प्रकरणे २९, आणि लेखक त्या त्या विषयातले अधिकारी. गॅमा फलन फिलिप डेव्हिस यांचे, बेसेल फलने फ्रँक ऑल्व्हर यांची, एरर फलन वॉल्टर गाउत्शी यांचे, मॅथ्यू फलने त्याच गर्ट्रूड ब्लँच यांची. हे सारे कोष्टकाच्या आधीच्या पानांत. पूर्वपक्ष पाने मोजतो, आणि मोजताना ही पाने उलटून टाकतो.

त्यांत काय सापडते याचे एकच उदाहरण घेतो. सूत्र २६.२.१७. संख्याशास्त्रातल्या त्या प्रसिद्ध घंटाकार वक्राखालचे क्षेत्रफळ काढण्यासाठी पाच सहगुणकांची एक छोटी बहुपदी. चूक एक कोटीत एका भागापेक्षा कमी. हे सूत्र रँड संस्थेतल्या सेसिल हेस्टिंग्ज यांचे. त्यांच्या १९५५ च्या पुस्तकाचे शीर्षकच ‘अॅप्रॉक्सिमेशन्स फॉर डिजिटल कॉम्प्युटर्स’ असे होते. म्हणजे ज्या यंत्राने ग्रंथाला मारले म्हणतात, त्या यंत्राला द्यायची सूत्रे ग्रंथाने पोटातच घेतली होती. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनच्या किमतीचे समीकरण मांडले. त्यात हे क्षेत्रफळ दोनदा लागते, आणि ऑप्शनच्या किमतीवरच्या पाठ्यपुस्तकांतून, पुढे असंख्य छोट्या प्रोग्रॅममधून, २६.२.१७ चे ते पाच आकडे जसेच्या तसे उतरवले गेले. उतरवणाऱ्यांपैकी किती जणांनी शेजारचे कोष्टक उघडले असेल?

‘पण सूत्रही यंत्रालाच काढू द्या, माणसाला ग्रंथ कशाला?’ हा पूर्वपक्षाचा पुढचा मोर्चा, आणि तो अधिक धारदार आहे. यंत्र वेगवान आहे, मग साध्यातले साधे सूत्र घेऊन भराभर चालावे, थोडे जास्त काम पडले तर पडले. इथे हात थोडे काळे केल्याशिवाय उत्तर पटणार नाही.

डफाचे कातडे कसे थरथरते, हे मांडताना बेसेल फलने येतात. त्यांना ०, १, २, ३ असे क्रमांक असतात आणि लगतच्या तिघांना जोडणारा एक सोपा नियम असतो. चल १ असताना तो असा: हातातल्या क्रमांकाची दुप्पट घ्या, तिने हातातल्या किमतीला गुणा, मागची किंमत वजा करा, की पुढची किंमत मिळते. शून्याव्या फलनाची किंमत ०.७६५१९८ आणि पहिल्याची ०.४४००५१, दोन्ही सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर. आता चालायला लागा. दुसऱ्याची येते ०.११४९०४, तिसऱ्याची ०.०१९५६५, चौथ्याची ०.००२४८६. ठीक चालले आहे. पाचव्याची ०.०००३२३; खरी आहे ०.०००२५०. सहाव्याची ०.०००७४४, म्हणजे उतरायचे सोडून चढली, खरी ०.००००२१. सातव्याची ०.००८६०५, आणि खरी ०.०००००१५. साडेपाच हजारपटींहून अधिक चूक, आणि तीही एकही गुणाकार न चुकता!

कारण असे की याच नियमाला दुसरे एक उत्तर आहे, आणि ते क्रमांकाबरोबर वाढत जाते. सहाव्या दशांशात जी कणभर तूट होती तिच्यात त्या दुसऱ्या उत्तराचा अंश शिरलेला असतो. आपले उत्तर आटत जाते आणि तो अंश फुगत जातो. यंत्र सोळा अंक धरून चालले तर एवढेच होते की हा घात थोड्या पायऱ्या पुढे होतो. वेग वाढवला तर चुकीच्या उत्तरापाशी लवकर पोहोचता येते. उपाय आहे उलटे चालण्याचा: खूप वरच्या क्रमांकापाशी मनाला येतील ते आकडे, ० आणि १ सुद्धा चालतील, घ्यायचे, त्याच नियमाने खाली उतरत यायचे, आणि शेवटी सगळ्यांना एका ठरावीक बेरजेने भागून मोजमाप जुळवून घ्यायचे. ही ब्रिटिश कोष्टककार जे. सी. पी. मिलर यांची युक्ती. ऑल्व्हर यांनी ती नवव्या प्रकरणात आकड्यांसह करून दाखवली आहे. कोष्टकाशेजारी ही शिकवण का ठेवली, हेही यावरून कळते. चालणारा घसरला की नाही, हे पडताळायला स्वतंत्रपणे काढलेले आकडे हवेत. नवे फलन-प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आजही कोष्टक हवे असते ते यासाठी. शोधायच्या जागी ते आता साक्षीला उभे असते.

कोष्टक आणि सूत्र ही परस्परांची वैरी आहेत, ही समजूत मुळात कुठून आली कोण जाणे. आपल्याकडच्या ज्योतिषगणितात तरी ती टिकत नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले. त्याचा सर्वांत गाजलेला गुण हाच की ज्या-चापांचे, म्हणजे साइनचे कोष्टक न वापरता, साध्या गुणाकार-भागाकारांच्या सूत्रांनी ग्रह काढता येतात. अशा सूत्रांची परंपरा जुनी. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी साइनसाठी जो अपूर्णांक दिला तो ३० अंशांना नेमका अर्धा देतो आणि ४५ अंशांना ०.७०५९, जिथे खरी किंमत आहे ०.७०७१. हेस्टिंग्ज यांच्या बहुपदीचा हा सख्खा पूर्वज म्हणायला हरकत नाही. पण ग्रहलाघवानंतर पाचच वर्षांनी त्याच गणेश दैवज्ञांनी ‘तिथिचिंतामणी’ लिहिला, तो मात्र कोष्टकांवर उभा आहे, कारण पंचांग करणाऱ्याला रोजच्या रोज तिथी-नक्षत्र काढायचे असते आणि तिथे कोष्टकाने श्रम वाचतात. एकाच माणसाने, एकाच दशकात, दोन्ही केले. १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली तीही जुनी रीत कवटाळण्यासाठी नव्हे. युरोपातले नवे वेध आपल्या पंचांगकर्त्यांच्या हाती द्यायला तोच मार्ग सोयीचा होता. कोणाला, कशासाठी आणि किती वेळा हवे आहे, यावर निवड ठरते; अमुक साल उजाडल्यावर एक पद्धत मरते असे काही नसते.

आता त्या साक्षीदाराकडे, म्हणजे २०१० च्या वारसाकडे. निस्टने कोष्टके काढली आणि बाकीचे ठेवले, वाढवले. कोष्टके हाच ग्रंथाचा जीव असता, तर ती काढल्यावर वारस म्हणून ठेवायला काय उरले असते? उरले ते इतके की त्याची ३६ प्रकरणे झाली. वारसाचे मुख्य संपादक पुन्हा फ्रँक ऑल्व्हरच, आणि डिजिटल लायब्ररीतल्या सूत्रांच्या माहितीत जागोजागी अब्रामोविट्झ-स्टेगनमधला जुना क्रमांक नोंदवलेला आहे. त्याचे कारण व्यवहारी आहे. संशोधनलेखांत हजारोंनी ते क्रमांक पत्त्यासारखे लिहिले गेले आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे पर्सनल कॉम्प्युटर घरोघरी पोहोचल्यानंतर, कामाच्या दिवसात सरासरी दर दीड तासाला एक लेख या ग्रंथाचा दाखला देतो, असा हिशेब निस्टनेच मांडला होता. सरकारी प्रकाशन असल्याने त्यावर कॉपीराइट नव्हता. डोव्हर प्रकाशनाने १९६५ मध्ये स्वस्त पुनर्मुद्रण काढले, इतरांनीही काढले, आणि ग्रंथ सर्वदूर गेला.

त्यातले काय खरोखर शिळे झाले, तेही सांगायला हवे, नाहीतर हा कैवार आंधळा ठरेल. भौतिक स्थिरांकांचे दुसरे प्रकरण आज उघडू नये. ते आकडे कितीदा तरी सुधारले गेले. यादृच्छिक अंकांची पाने आता कुतूहलापुरती. पुढच्या काळात महत्त्वाला चढलेली पँलेव्हे यांची फलने जुन्या ग्रंथात नाहीत, वारसात आहेत. पहिल्या छपाईतल्या चुका पुढच्या छपायांत दुरुस्त होत गेल्या, त्यामुळे हातातली प्रत कितव्या छपाईची आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. आर्ककॉट या फलनाची तर व्याख्याच मध्येच बदलली. पहिल्या छपाईप्रमाणे उणे १ चा आर्ककॉट १३५ अंश, नवव्या छपाईप्रमाणे उणे ४५ अंश. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी चालतात, पण आजही मेपल हा प्रोग्रॅम पहिले उत्तर देतो आणि मॅथेमॅटिका दुसरे. २००० साली संगणक-बीजगणितातल्या चौघा अभ्यासकांना या एका भानगडीवर लेख लिहावा लागला. ज्या ग्रंथाला कोणी विचारत नाही, त्याच्या दोन छपायांतल्या फरकाने कोणाचे काय बिघडणार होते?

माझ्या मते ग्रंथाचे खरे ठाण इथे आहे, संकेत ठरवण्यात. इलिप्टिक इंटिग्रलचे उदाहरण पाहा. मोठे झोके घेणाऱ्या लंबकाचा आवर्तकाल काढायला ते लागते. त्याच्या चलाला तीन वेगवेगळ्या प्रकारांनी मांडायची रूढी आहे: मापांक, त्याचा वर्ग म्हणजे प्राचल, आणि कोन. सतराव्या प्रकरणात मिल्न-थॉमसन यांनी तिन्हींचे नाते देऊन कोष्टकांसाठी प्राचल आणि कोन निवडले. मॅथेमॅटिका, मॅटलॅब आणि पायथनचे सायपाय यांचे संबंधित फलन आजही प्राचल मागते, आणि सायपायच्या दस्तऐवजात तर अब्रामोविट्झ-स्टेगनचे नावही आहे. सी++ भाषेच्या २०१७ च्या प्रमाणित आवृत्तीतले फलन मात्र मापांक मागते. दोन्हीकडे ०.५ टाका: सायपाय १.८५४ देते, सी++ १.६८६. दोघेही बरोबर आहेत. पण मध्यापासून ६० अंशांपर्यंत झोका घेणाऱ्या लंबकाचा मापांक ०.५ येतो. तो उचलून सरळ सायपायला दिला, तर आवर्तकाल छोट्या झोक्यांच्या कालाहून ७.३ टक्क्यांनी जास्त यायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त येतो, म्हणजे ९० अंशांच्या झोक्याचे उत्तर ६० अंशांच्या झोक्याच्या नावावर चढते. यंत्र कुरकुरत नाही, लाल अक्षरात इशारा देत नाही.

अशा वेळी वारसाकडे जावे, तर २०१० च्या ग्रंथाने संकेत बदलून मापांक घेतला आहे. त्याची त्याला कारणे असतील, आणि ती वाईट नाहीत. तरी सायपाय किंवा मॅटलॅबच्या कंसात नेमके काय टाकायचे, हे त्या प्रोग्रॅमच्या पूर्वजाकडूनच समजून घ्यायचे असेल, तर १९६४ चा ग्रंथ काढून सतरावे प्रकरण उघडावे लागते.